दोन सूत कमी

मंगळवार, ३ मार्च

बगळ्याची मान धरली म्हणून आला. बगळा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. शिंपी. एवढा उंच माणूस दिवसभर मशीनवर वाकून बसणार, मग मान बोलणारच! मानेला ॲक्युपंक्चरच्या सुया लावल्या. जागा बोटाने चाचपूनच टोचतो मी, अंदाजपंचे कारभार नाही. मोटारी भरायला मला कुणी शिकवलं नाही, सुया टोचायलाही नाही. जळकी मोटार उघडायची, तारेचे वेढे मोजायचे, तसेच परत घालायचे. नजर लागते, पदवी लागत नाही.

बायको आतून म्हणाली, "तुझे दाजी उघडतात फार छान. जोडल्यावर दोन स्क्रू उरतात." बगळा खदाखदा हसला, मान हलली. त्यातली एक सुई निघताना अडली. जरा पिरगाळून काढली, वाटीत टाकली.

बुधवार, ४ मार्च

बगळ्याचा निरोप — मान मोकळी झाली. न होऊन सांगते कुणाला!

रविवार, ८ मार्च

बायकोचं डोकं दुखत होतं, तिलाही मानेत दोन लावल्या. "नव्या सुया आणा की हो," म्हणते. बाजारात मिळतात त्या एकदा वापरून फेकायच्या. कशाला? पोलाद चांगलं असतं. मी उकळतो, वाकलेली पकडीने सरळ करतो, बोथट झाली तर बारीक दगडावर टोक काढतो. टाकायचं म्हणून टाकणं मला जमत नाही. जमलं असतं तर दुरुस्तीचं दुकान कशाला काढलं असतं?

बुधवार, ११ मार्च

बगळ्याच्या हातून कात्री पडली. गिऱ्हाइकाच्या कोटाचं कापड मधोमध चिरलं. सुईत दोरा ओवता येत नाही म्हणाला. मान खाली घातली की पाठीतून उजव्या हातात करंट जातो — करंट! हे मला सांगतो! मी म्हटलं, मणके झिजले असतील. "मग लावा परत सुया," म्हणून मान पुढे करून बसला. लावल्याही असत्या. बायकोने डबा उचलून आत नेला. आधी डॉक्टर, म्हणाली.

शनिवार, १४ मार्च

सुया दगडावर घ्यायला काढल्या. एक आखूड लागली. घासून केसभर कमी होते, तशी नाही. पट्टीला लावून पाहिली, पुन्हा पाहिली. दोन सूत कमी. म्हणजे पाव इंच.

पकडीने जिथे सरळ केली होती, तिथेच तुटली आहे. एकदा वाकवलेली तार परत सरळ करू नये, तिथून तुटते — हे गिऱ्हाइकांना मीच ऐकवतो.

पाव इंच कुठे असेल ते लिहायला नको.

रविवार, १५ मार्च

सांगायचं ठरवून बगळ्याकडे गेलो. त्याची बायको त्याच्या शर्टाची बटणं लावत होती. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, डॉक्टरांनी विचारलं होतं, दुसरे काही उपचार केलेत का. याने नाही सांगितलं. "तुमचं नाव कशाला गोवायचं, दाजी? उगाच चार लोक बोलतील." उद्या सकाळी मानेचा एमआरआय.

चहा घेतला. हवापाण्याचं बोललो. परत आलो.

भेकड!

सोमवार, १६ मार्च

सकाळी दुकानातल्या फुटक्या स्पीकरचा चुंबक काढला. ती आखूड सुई जवळ नेली. चटकन उडी मारून चिकटली. चार बोटांवरून!

आणि बगळ्याला ज्यात घालणार होते ते मशीन म्हणजे एक प्रचंड चुंबकच.

फोन लावला, बगळ्याचा बंद. बायकोला सांगितलं, सगळं. तिने पायात चपला घातल्या आणि रिक्षा थांबवली.

पोचलो तेव्हा बगळा पट्टा काढून उभा होता, मशीनवरची मुलगी विचारत होती, अंगात कुठे धातू आहे का. "नाही," बगळा म्हणाला.

"आहे," मी म्हटलं. "मानेत. सुईचा तुकडा. मीच टोचली होती."

जन्मात कुठे जीभ अडखळली नाही, तिथे अडखळली. वाटलं, आता ती मुलगी ओरडणार. तिने मशीनच्या खोलीचं दार लावून घेतलं, बगळ्याला साध्या एक्स-रेला पाठवलं आणि खुर्ची आणून दिली — मला.

फोटोत तुकडा निघाला. मज्जारज्जूला टेकलेला. उद्याच काढायचा. डॉक्टर म्हणाले, असं फार क्वचित होतं. मी मान हलवली. क्वचित असलं तरी झालं ते आमच्याच घरात.

बगळा मात्र खुशाल! म्हणाला, "हात बरा झाला की तुमचा कोट मी शिवणार, दाजी. पण सुया ठेवायला खिसा मिळणार नाही."

मंगळवार, १७ मार्च

ऑपरेशन झालं. दुपारी बोटं हलली! आधी करंगळी. मी तिथेच रडलो. त्याची बायको मलाच पाणी देत होती.

बुधवार, १८ मार्च

सुयांचा डबा डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी बगळ्याचा फोटो उजेडावर धरला. काढलेला तुकडा दाखवला, मग बोट खाली नेलं. खांद्याजवळ, मांसात, आणखी एक. जुना आहे, त्रास देणार नाही, राहू द्या म्हणाले. कधीचा, हे त्यांनी मला विचारलं.

मला माहीत नाही.

बायकोने माझं मनगट धरलं. म्हणाली, "चला. आलोच आहोत, तर माझ्याही मानेचा फोटो काढून घेऊ."