हिची खुर्ची, उजेड पाठीमागून

३ फेब्रुवारी
ही मुलीकडे गेली, बाळाला सांभाळायला. महिनाभर घर माझं! नोकरीत वेळ मिळाला नाही, नाहीतर चित्रकलेत कुठल्या कुठे गेलो असतो. क्लास लावला. घर खायला उठतं म्हणतात, तसलं काही नाही. टीव्ही दिवसभर चालू ठेवतो, तो एकाग्रतेसाठी.

५ फेब्रुवारी
क्लासच्या बाई (मुलीच्याच वयाच्या) म्हणाल्या, नेटवरचे फोटो उतरवायचे नाहीत. स्वतःच्या मोबाइलवर काढा, त्यावरून रंगवा. रोज बघता तेच काढा. रोज मी बघतो काय? छत.

८ फेब्रुवारी
भरपूर फोटो काढले. निम्म्यांत माझा अंगठा, बाकीचे हललेले. मोबाइलच जुना, त्याला मी काय करणार? फोनवर हिला सांगितलं. म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. कलेतलं हिला काय कळतंय.

११ फेब्रुवारी, दुपार
बाईंनी गुरुमंत्र दिला: उजेड पाठीमागून घ्या. विषयही सापडला! स्वयंपाकघरातली हिची खुर्ची. रोज संध्याकाळी भाजी निवडत खिडकीकडे तोंड करून बसते. चित्र भिंतीवर लावायचं, ही आली की दारातच थक्क! पुन्हा मुलीकडे जायचं नाव काढणार नाही.

१२ फेब्रुवारी
खिडकीला पाठ लावून फोटो काढला. अंगठा नाही! फक्त माझी सावली नेमकी खुर्चीत पडली. सरकलो तर मध्ये फ्रिज येतो. असू दे. रेफरन्स म्हणजे रेफरन्स, दिसतं तसंच रंगवायचं.

२० फेब्रुवारी
आठवडा वाया गेला. हवा दमट, कागद वाळत नाही. चहा केला, सवयीने दोन कप. दुसऱ्यात पाणी घेऊन ब्रश धुतला. मग चुकून तोच प्यायलो. कप सारखे घेतले कुणी? हिनेच.

२६ फेब्रुवारी
चित्र पूर्ण! बाईंनी विचारलं, खुर्चीत कोण बसलंय? म्हटलं, सावली. म्हणाल्या, फार एकटी आलीय हो. स्तुतीच असावी.

१ मार्च
हिचा फोन. मुलीची रजा संपली, मुक्काम वाढेल म्हणते. फोन ठेवला आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. रंगाचा वास असणार. पाण्याच्या रंगांना वास नसतो, पण असणार. लगेच चित्राचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, फ्रेमचा रंग तू येऊन निवड. आता कशी येत नाही बघू. डोकं चालतं आपलं!

३ मार्च
उत्तर आलं. ही म्हणते, अहो, खुर्ची चांगली जमलीय की! माझ्या खुर्चीत तुम्ही बसता हे बघून जीव भांड्यात पडला. मला वाटत होतं, कसे राहत असाल. आता काळजी नाही, वर्षभर इथेच राहते. फ्रेम काळी करा.
म्हटलं, राहा की खुशाल. माझं काही अडत नाही.

संध्याकाळ
त्या खुर्चीत पहिल्यांदाच बसलो. पुढच्या चित्राचा अँगल बघायला. अगदीच टाकाऊ. झाडं दिसत नाहीत, रस्ता दिसत नाही. नुसतं आपलं फाटक दिसतं, ऑफिसातून मी यायचो ते. रोज एवढं काय बघायची कोण जाणे. अंधार पडेपर्यंत बसलो. कुणी आलं नाही.