रूट म्हणजे कोण?

३ ऑगस्ट १९९८, सोमवार

आज परत भांडले. म्हणजे मी भांडले, कृष्णमूर्ती सर हसले. ऑफिसात जूनमध्ये आलेल्या लिनक्स मशीनवर रूट म्हणजे मालक — काहीही उघडेल, काहीही पुसेल. आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरला चिकटपट्टीने लावलेला! सातही जण सरळ रूट म्हणूनच आत शिरतात. मी म्हटलं, आधी प्रत्येकाने आपापल्या नावाने यावं, मग रूट व्हावं. म्हणजे कोण केव्हा रूट झालं याची नोंद तरी राहील. सर म्हणाले, "मुग्धा, स्वल्प अ‍ॅडजस्ट करो ना." मशीन सांभाळायची मी, चावी मात्र ऑफिसभोवतीच्या अख्ख्या कोरमंगला भागाकडे.

१० ऑगस्ट

जूनच्या पहिल्या आठवड्यातली ड्रॉइंग गायब. पंपाची, सगळी. दुसरी प्रत नाही. नोंद पाहिली — शनिवारी दिवसभर 'रूट'. एवढंच. शनिवारी ऑफिसात एकटा बसवंत होता.

११ ऑगस्ट

सरांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. बसवंत बेळगावचा, इथे माझ्याशी मराठी बोलणारा एकटाच. दहा वर्षांनी मोठा, तरी मला अक्का म्हणतो. "प्रिंट काढलो, घरला गेलो. दुसरं कशाला हात लावलो नाही बघा. अक्का, तू तरी सांग की."

काय सांगणार? त्या नोंदीने तो दोषीही ठरत नाही, सुटतही नाही. खरं लिहायचं तर मलाही त्याचाच संशय आला.

१२ ऑगस्ट

बसवंतला काढलं. डबा, छत्री, मुलीचा फोटो पिशवीत घातला आणि गेला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

१३ ऑगस्ट

आता सर म्हणतात, काय हवं ते करा. केलं. रूटने थेट शिरणं बंद. पासवर्ड नवा. सरांनाही तो नको होता — "आप ही रखो." मॉनिटरवरचा कागद फाडून टाकला. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. हे आठवड्यापूर्वी करू दिलं असतं तर! घरी येऊन रडले.

१७ ऑगस्ट, सोमवार

पुन्हा गेली. या वेळी जूनच्या दुसऱ्या आठवड्याची.

शनिवारी पंधरा ऑगस्ट, ऑफिस बंद, मशीन तेवढं चालू. वॉचमन देवाप्पा म्हणतो, कुलपाला कुणी हात लावला नाही. नोंदीत एकही नाव नाही. मला वाटलं, सुटला बसवंत. सर म्हणाले, छे, जाताना त्यानेच काहीतरी पेरून ठेवलंय. "ढूँढो. कल पुलिस में कंप्लेंट देंगे." माझं कोण ऐकतं?

१८ ऑगस्ट

आठलाच ऑफिसात आले. डायरी इथेच घेऊन बसलेय. सापडलं.

एकच ओळ. दर शनिवारी दुपारी, साठ दिवसांपेक्षा जुन्या फायली आपोआप पुसायच्या. जागा मोकळी राहावी म्हणून जूनमध्ये मीच घातलेली. रद्दीच्या फोल्डरऐवजी ड्रॉइंगच्या फोल्डरचं नाव लिहिलंय. मीच.

पासवर्ड फक्त माझ्याकडे आहे. ओळ पुसली तर कुणाला कळायचं नाही. सर दहाला येतील.

अजून पुसलेली नाही.