भिंतीवरची खालची खूण

३ ऑगस्ट
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गुडघ्याचं दुखणं मिटलं. सरांनी उपाय काढलाय. उंच उडीच्या आधी मांडीपासून गुडघ्यापर्यंत बर्फाच्या पिशव्या बांधून बसायचं, पाय बधिर झाला की उठायचं. काहीही दुखत नाही. फक्त आडवी काठी रोज पडते. सर म्हणतात, बूट बदल. बाबा म्हणतात, मन लावून उडी मार. निवड चाचणीतून एकीलाच संघात घेणार आहेत आणि ती जागा मला हवी आहे. तू दवाखान्यात दिवसभर लोकांचे गुडघे वाकवतेस, म्हणून विचारते, बूट कुठले घेऊ?

लोभ पत्राच्या लांबीवर मोजू नकोस.
तुझा नाकतोडा

९ ऑगस्ट
चि. नाकतोड्यास,
अ. उ. आ.

बुटांना उगाच बदनाम करू नकोस. अख्खी मांडी गारठवायची आणि लगेच तिच्याकडे झेप मागायची, हे गाढ झोपलेल्याला उठवून गाणं म्हणायला लावण्यासारखं आहे. गार स्नायू सुस्त होतो, पुन्हा ऊब येईपर्यंत जोर कमीच पडतो. बर्फ जरासाच लावला तर फारसं बिघडत नसेलही, पण तुझे सर तुला मासळीसारखं बर्फात पुरतायत. आणि दुखणं मिटलेलं नाही, त्याचं तोंड बंद केलंय. आधी डॉक्टरांना गुडघा दाखव.

माझ्यावर विश्वास नको, भिंतीवर ठेव. बोटाला खडू लावून जागेवरून उडी मार, खूण कर. मग बर्फानंतर लगेच. मग घाम येईपर्यंत पळून पुन्हा. सरांना नमस्कार सांग. बाकीचं मी मनात म्हटलंय.

राग आला तरी लोभ सोडू नये.
आत्या

२० ऑगस्ट
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी व्यायाम दिलेत, उडीला परवानगीही. बर्फानंतरची खूण चार बोटं खाली आली, पळून आल्यावर पुन्हा वर गेली. सर म्हणाले, खडू ओला असेल. मग स्वतः बर्फ बांधून उडाले आणि भिंतच उंच झाल्यासारखे तिच्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सगळा बर्फ सरबताच्या पिंपात.

अडचण वेगळीच आहे. त्या जागेसाठी माझी चुरस दुसऱ्या सरांकडच्या लंबूशी. तिचं काही दुखत नाही, तरी मैदानावर माझं बघून तीही घरचा बर्फ बांधायला लागलीय. मी गप्प बसले तर जागा माझी. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नाही ना?

लोभ आणि उत्तर, दोन्ही लवकर पाठव.
नाकतोडा

२५ ऑगस्ट
चि. नाकतोड्यास,
अ. उ. आ.

नाही. मग एवढं विचारायला पाकीट कशाला वाया घालवलंस?

लोभ आहे, म्हणूनच उत्तर देत नाही.
आत्या

१० सप्टेंबर
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सांगितलं. लंबू हसली, म्हणाली, घाबरलीस वाटतं. आणि आणखी एक पिशवी बांधली. शेवटी ओढत भिंतीपाशी नेलं. स्वतःची खालची खूण बघून तिने पिशव्या सोडल्या.

चाचणीत मी आजवरची माझी सगळ्यात उंच काठी ओलांडली. तीही. पुढची उंची तिने शेवटच्या प्रयत्नात ओलांडली, माझी टाच लागली. जागा तिला. वाईट वाटलं, पण टाचच तेवढी उचलायची राहिलीय. पुढच्या वेळी उचलते.

सगळे पांगल्यावर लंबू सरबताच्या पिंपातला बर्फ पिशवीत भरून घेऊन आली, माझ्या गुडघ्यावर ठेवली आणि स्वतःची बोटं गारठेपर्यंत धरून बसली. आता चालतं ना गं?

लोभ गार होऊ देऊ नकोस.
तुझा नाकतोडा