काशीचा पडदा

१० नोव्हेंबर, सोमवार
मिळाली! आमच्या विशेष शाळेतल्या मुलांना स्पर्शाने, वासाने खेळायला जिन्याखालची अडगळीची खोली शेवटी मिळाली. सुचिता मॅडम म्हणाल्या, "मुख्याध्यापिका म्हणून किल्ली देते, वस्तू तुमच्या तुम्ही जमवा." जमवते की! बाटल्यांत राजमा, दोरीला घुंगरू, भिंतीला मासेमारीचं जुनं जाळं.

१२ नोव्हेंबर
पालकांकडे जुने कपडे मागितले. टांगून पडदा करणार — मुलं गालाने, हाताने ओळखतील.
मनात खरी काशीच आहे. आठ वर्षांची. दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही. गणपतीत तिची आई गेली. जेवण, पाणी, शू — मी तिच्या तळहातावर खुणा करते. 'आई गेली' याची खूण मला कुणी शिकवली नाही.

१७ नोव्हेंबर
काशीची आजी गोजराबाई सारसोळ्याहून पिवळी साडी घेऊन आल्या. पिशवीत पिशवी, वर घट्ट गाठ. मासळीचा वास! बाहेरचं कापड धुतल्याशिवाय मुलांजवळ न्यायचं नाही, हा आमचा नियम. डेटॉलमध्ये दोनदा धुतली.

२० नोव्हेंबर
पडदा टांगला. गोजराबाईंनी पिवळी साडी नाकाला लावली.
"मॅडम, धुतली काय गो?"
"हो, दोनदा."
"तिचे आयशीचा वास व्हता गो त्यान. म्हनून तं बांधून ठेवलेली."
दुसरी आहे का, विचारलं. "नाय. तेवरीच व्हती."
चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या मलाच पाणी आणून देत होत्या.

२१ नोव्हेंबर
गाढव आहे मी. विचारायचं तरी होतं!

२८ नोव्हेंबर
पिवळ्या साडीचे काठ ओठांना लागले की काशी थांबते. काठ ओळखीचे. हुंगते — डेटॉल. मग बसल्या बसल्या सरकत शेजारचं कापड, त्याच्या शेजारचं... शेवटपर्यंत. पुन्हा पहिल्यापासून. शोधतेय.
सुकटीची पुरचुंडी बांधून पाहिली. आई लावायची ते खोबरेल शिंपडलं. फसली नाही. बरोबरच आहे, आई काय अशी बनवता येते?

९ डिसेंबर
आजही. अर्धा तास.

१५ डिसेंबर
आज काशीने एकही कापड हुंगलं नाही. पडद्याकडे पाठ करून राजम्याची बाटली हलवत शांत बसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुचिता मॅडम म्हणाल्या, "अहवालात घाला — खोलीत छान रमली."
घातलं.