टँगो की किलो?

रविवार, संध्याकाळ. गोरेगाव (जि. गोंदिया)

जीव थाऱ्यावर नाही. हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संपर्काची, स्पर्धा दुपारीच संपली, तरी मी अजून त्या एका अक्षरापाशी अडकले आहे. टँगो म्हणाला तो, म्हणजे ‘टी’, की किलो, म्हणजे ‘के’?

सकाळपासून हे गच्चीवर घरी केलेला अँटेना हातानं फिरवत होते आणि मी जिन्यात रेडिओ सेट घेऊन बसले होते. गोंदियाचेच दोघेतिघे मिळाले. मग अँटेना देवरीकडे वळला आणि छत्तीसगडातून एक बारीक आवाज आला. व्हीएचएफ लहरी फार लांब जात नाहीत; एवढ्या लांबचं त्यांवर मी कधीच ऐकलं नव्हतं! त्यानं माझा कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची ओळखीची अक्षरं, बरोबर घेतला. त्याच्या कॉलसाइनचं शेवटचं अक्षर मात्र खरखरीत बुडालं. नुसता ‘ओ’ ऐकू आला.

“टँगो लिहून टाक ना,” हे म्हणाले. “कोण पाहून राहिला?”

“अन् किलो असलं तं?”

नाही लिहिलं. अख्खा कॉलसाइन नोंदवला नाही, तर त्या संपर्काचे गुण मिळत नाहीत. टँगोच असेल का?

आत्ता पुन्हा जिन्यात बसून सेटवरून त्याला हाका मारल्या. उत्तर नाही.

“आता कायले? संपली ना स्पर्धा!” हे स्वयंपाकघरातून ओरडले.

गुण नकोच होते. त्याला एवढंच सांगायचं होतं, की तुझा आवाज इथवर आला होता.