चारही बदलायचे का?

सोमवार, ४ मार्च

गाडी आज पुन्हा चढावर मेली! मागे ट्रक, शेजारी ही, आणि मी घामाघूम होऊन गियर शोधतोय. तीन आचके देऊन कशीबशी वर आली. ट्रकवाल्याने एकदाही हॉर्न मारला नाही, नुसता थांबून राहिला. त्याचं भलं होवो. हिने दाराचं हँडल डाव्या हाताने गच्च धरलं होतं. उजव्यात अजून जोर नाही.

घरी आल्यावर विचारलं, "अगं, प्लगचं काही असेल का?"

"हो."

"की पेट्रोलमध्ये कचरा आलाय?"

"हो."

"की मलाच चालवता येत नाही?"

"हो."

पाच महिने हे असंच. आजारपणात सगळे शब्द गेले, हा एवढा एक राहिला. मान हलते तीही त्याच्याच तालावर. स्पीचवाल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "त्यांना सगळं कळतं. पण त्यांचं 'हो' म्हणजे होकार धरू नका." आणि काय गंमत बघा! उभ्या जन्मात ही बाई माझ्या एका वाक्याला सरळ हो म्हणाली नाही. लग्नाला हो म्हणायलासुद्धा आठवडाभर तंगवलं होतं.

गाडी तिची. औषध कंपनीची प्रतिनिधी म्हणून तिने या गाडीतून गावंच्या गावं पालथी घातली. प्लग, फिल्टर सगळं स्वतः बदलायची. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासत बसायचो. आज ती चिमूटभर तरी सल्ला देऊ शकली असती तर! पण ती आहे, शेजारी बसते आहे. पाच महिन्यांपूर्वी याचीही खात्री नव्हती. तेव्हा कुरकुर पुरे.

मंगळवार, ५ मार्च

चिरंजीव आणि सूनबाई आले होते. सूनबाईंनी आल्या आल्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला, हिचे केस धुऊन दिले, नखं कापली. मुलगी असती तर याहून काय वेगळं केलं असतं?

चिरंजीव मात्र विषय घेऊनच आले होते. "बाबा, गाडी काढून टाकू या. माझ्या ऑफिसातला एक जण घ्यायला तयार आहे. मॅडमकडे टॅक्सीने जा. आईला विचारलंय मी. हो म्हणाली."

"अरे, परवा मी तिला विचारलं, तू हत्ती आहेस का? तरी हो म्हणाली!"

तो हसला. त्याचं चूक नाही. मला रस्त्यात काही झालं तर काय, ही त्याची काळजी. पण जिला एका शब्दाने अडवता येत नाही तिची गाडी परस्पर विकायची? माझ्याच्याने नाही होणार. तो माणूस सोळा तारखेला, शनिवारी बघायला येणार आहे. तोवर हिला खरोखर काय हवंय ते कळलं पाहिजे. आणि गाडी धडपणे चालली पाहिजे, नाहीतर प्रश्नच मिटला.

गुरुवार, ७ मार्च

मॅडमना गाडीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग ते काम त्यांच्यासमोर करा ना. ओळखीच्या कामात कधी कधी शब्द सुटतो."

झकास! मी प्लगशी झटापट करणार म्हणजे चुकणार, हे ठरलेलंच. आणि माझी चूक पोटात ठेवणं हिला कधी जमलंय? एखादा "अहो, अक्कल!" सुटला तरी मी पेढ्यासारखा झेलीन.

शुक्रवार, ८ मार्च

तिचा टूलबॉक्स डिकीत सापडला. प्रत्येक पाना फडक्यात गुंडाळलेला! माझे मोजे या बाईला कधी इतके नीट ठेवावेसे वाटले नाहीत.

रविवार, १० मार्च

दुकान बंद. इंजिन थंड होतं. पोर्चमध्ये हिची खुर्ची आणली, मांडीवर शाल घातली, बॉनेट उघडलं. हिने एकदा बघितलं आणि मान रस्त्याकडे फिरवली. डोळे भरून आले असतील. मलाही भरून आलं.

चार प्लग. एकेक करत बाहेर काढले. वायरी जाम बसल्या होत्या, चांगल्या ओढाव्या लागल्या. तीन प्लग टोकाला तपकिरी, चौथा काजळीने काळाकुट्ट. म्हणजे चोर सापडला! आता चोर एक असताना चौघांना कशाला हाकलायचं? माझा धंद्याचा नियम साधा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एका वेळी एकच काच बदलायची आणि विचारायचं, "आधीचं बरं की आताचं?" चार काचा एकदम बदलल्या तर कोणत्या काचेने दिसलं ते कळणार कसं?

हिला विचारलं, "काळाच बदलू ना फक्त?"

"हो."

"की चारही बदलायचे?"

"हो."

मुद्दाम पाना उलटा धरला. काही नाही. मुद्दाम प्लग चुकीच्या जागी नेला. काही नाही. वर बघतो तर बाईसाहेब झोपलेल्या!

जागी झाल्यावर नव्या प्लगची डबी तिच्यापुढे टेबलावर ठेवली. तिने डाव्या हाताने ती ढकलली. पुन्हा ठेवली, पुन्हा ढकलली — टेबलाच्या पार कडेपर्यंत. अस्सं! प्लग चुकीचा आणलाय होय? लगेच गॅरेजवाल्या काकांकडे धावलो. (माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण सगळं गाव काका म्हणतं म्हणून मीही.) रविवार असून त्यांनी शटर वर केलं. "साहेब, हाच नंबर आहे या गाडीचा. ताई हाच न्यायच्या."

मग ढकलला का? कोण जाणे. बसवला. गाडी आधीपेक्षा बरी चालली. पहिली काच लागू!

सोमवार, ११ मार्च

दुसरा प्लग बदलला. वायर ओढून काढण्यात आता हात बसलाय. गाडी: कालच्यासारखीच. मॅडमकडे जाऊन आलो, एकदाही बंद पडली नाही. हिने आज चित्रातला कप बरोबर दाखवला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

मंगळवार, १२ मार्च

तिसरा बदलला आणि गाडी कुत्र्यासारखी गुरगुरायला लागली! चूक तिसऱ्याची, हे उघड आहे. तो काढून जुना घातला. तरी गुरगुर तशीच. आधीचं बरं की आताचं? दोन्ही वाईट! दुकानात असं गिऱ्हाईक आलं की मी सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवतो.

गुरुवार, १४ मार्च

व्हायचं तेच झालं. मॅडमकडून परत येताना भर चौकात गाडी बंद. ऊन मी म्हणत होतं. ही घामेजली होती, ओठ गच्च मिटलेले, हात त्या हँडलवर. आयुष्यात इतकं कानकोंडं वाटलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या फुलवालीने न विचारता हिला आपल्या छत्रीखाली नेऊन बसवलं, पाणी दिलं. दोन अनोळखी मुलींनी गाडी ढकलून कडेला लावली. मी आभार मानायच्या आत निघूनही गेल्या. जग वाईट आहे म्हणणाऱ्यांनी एकदा भर चौकात गाडी बंद पाडून बघावी.

काकांना फोन केला. ते स्कूटरवर आले, बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि एक वायर हलवून माझ्याकडे बघितलं.

"साहेब, ही टोकाला रबराची टोपी असते ना? ती धरून उपसायची. तुम्ही वायर धरून ओढली का?"

"हो," मी म्हणालो. आता घरात दोघं झालो हो म्हणणारे.

वायर आतून तुटली होती. म्हणजे प्लग बदलून बदलून मी जो बिघाड शोधत होतो तो माझाच! एकेक करण्याचं कारण सांगितलं तर काका खो खो हसले. "अहो, इंजिन म्हणजे काय चष्मा आहे? चारही प्लग एकाच दिवशी बसलेले, एकदमच म्हातारे झालेत. दोन नवे आणि दोन थकलेले एकत्र जुंपले तर ओढणार कसे? वायरींचंही तेच. पूर्ण सेट बदला."

"मग डिस्ट्रिब्युटरचं झाकण? कॉइल?" आता मला सगळंच बदलावंसं वाटायला लागलं होतं.

त्यांनी झाकण उघडून आत बघितलं. "हे चांगलं आहे. पुसून लावा. आतला रोटर झिजलाय, तो बदला. एअर फिल्टर बघा, चुलीतून काढल्यासारखा दिसतोय, तो बदला. कॉइलने बिचारीने काय केलंय? तिला हात लावू नका."

मग सवयीने छत्रीकडे वळून म्हणाले, "ताई, असं करू ना?"

"हो," ही म्हणाली.

काका जरा वेळ फडक्याला हात पुसत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "पूर्वी एकेका पार्टवरून अर्धा तास भांडायच्या हो माझ्याशी."

शुक्रवार, १५ मार्च

दुकान दुपारनंतर बंद ठेवलं आणि काकांनी सांगितलं तसं केलं. चारही प्लग नवे. आधी बोटांनी फिरवून आटे बसवायचे, मगच पाना लावायचा. वायरी एकेक करूनच बदलायच्या, म्हणजे अदलाबदल होत नाही. माझा नियम शेवटी कुठे तरी उपयोगी पडला!

किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू! आणि आवाज काय सांगू — शिवणाचं मशीन चालावं तसा एकसारखा. मी पोर्चमध्ये नाचलो. शेजारच्या आजोबांनी बघितलं. बघू देत.

हिला म्हटलं, "ऐकलंस? तुझी गाडी!"

"हो." चेहऱ्यावरून मात्र काही कळेना. अजून विश्वास बसत नसेल.

शनिवार, १६ मार्च

तो घेणारा आला होता, चिरंजीवांबरोबर. भला माणूस. एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "एवढी छान चालते, मग विकताय कशाला?"

मीही तेच म्हणालो! चिरंजीवांनी मला बाजूला घेतलं. "बाबा, आपलं ठरलं होतं. आईनं हो म्हटलंय."

"तिचं हो मोजायचं नाही, मॅडम काय म्हणाल्या विसरलास?"

"मग तिला ठेवायची आहे हे तरी तुम्हाला कसं कळलं?"

सत्तावीस वर्षं संसार केलाय, न कळायला काय झालं, असं म्हणालो. बॉनेट उघडलं तेव्हा तिने तोंड कसं फिरवलं ते सांगितलं. गाडीत बसली की हँडल कसं धरून बसते, जणू सोडवत नाही, तेही सांगितलं. शेवटी छातीवर हात ठेवून म्हटलं, "जी बाई एक शब्द सोडून सगळे गमावून बसलीय, तिची गाडी तरी तिच्याकडे राहू दे रे." चिरंजीवांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या माणसाला हात जोडून परत पाठवलं. पोरगा गुणी आहे. वाद घालतो, पण शेवटी ऐकतो. हा गुण आईचा नाही.

ही खिडकीत बसून सगळं बघत होती. "हो, हो, हो," म्हणत होती. आनंदानेच, दुसरं काय!

रविवार, १७ मार्च

दुपारी नदीकाठापर्यंत चक्कर मारली. एकही आचका नाही. ट्रकवाला, फुलवाली, त्या दोन मुली, काका, मॅडम, सूनबाई — किती जणांच्या हातांवरून आम्ही इथवर आलो! परतताना मी गुणगुणत होतो. एका वळणावर जरा जोरात होतो, समोरून बस आली, पण निभावलं. ही घरी आल्यावर बराच वेळ पडून राहिली. दमली असेल.

सोमवार, १८ मार्च

सकाळी गाडी पुसत होतो. ही पायरीवर बसली होती. आपली पाठ आपणच थोपटावी म्हणून विचारलं, "गाडी ठेवली ते बरं केलं ना मी?"

"नाही."

हातातलं फडकं पडलं. वाटलं, कान वाजले. पुन्हा विचारलं.

"नाही!" मान हलवून, ठासून, भुवया वर करून.

पायऱ्यांवर तिच्याजवळ बसलो. "विकायची होती?"

"हो."

"माझ्या चालवण्याची भीती वाटते?"

"हो!"

"आपण टॅक्सीने गेलो तर वाईट वाटेल तुला?"

"नाही." आणि हसली.

चिरंजीवांना फोन लावला. हुंदका आवरेना. तो घाबरला. "बाबा, काय झालं? आई बरी आहे ना?"

म्हटलं, "अरे, त्या माणसाला सांग गाडी घेऊन जा. आई नाही म्हणाली!"