साकेवाल्यांच्या दारात नात्तोवाला

तिसरी अंघोळ चालू आहे. व्याही नखांचा ब्रश आणायला गेले आहेत, तेवढ्यात लिहून घेतो. कागद ओला झाला तर समजून घे.

ताई, नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मितोत बर्फ पडलं का? इथे निगातात खिडकीपर्यंत साचलं आहे. माझी तब्येत उत्तम. कातडी तेवढी पातळ झाली आहे.

एप्रिलपर्यंत थांब, असं तू म्हणाली होतीस. तांदळाची दारू, साके, करणाऱ्या घरात हंगामात नात्तो वर्ज्य, हे माझ्या मिझुहोचं लग्न ठरलं तेव्हाच आपल्याला सांगितलं होतं. जिथे खाणारा चालत नाही, तिथे बनवणारा कसा चालेल? पण नात चाळीस दिवसांची झाली आणि आजोबानं तिला फोटोतच बघायचं, हे मला जमेना. म्हणून आठ दिवस आपल्या नात्तोच्या कारखान्यात पाऊल टाकलं नाही, नात्तो खाल्ला नाही (आठव्या सकाळी नुसता भात बघून डोळ्यांत पाणी आलं), नवे कपडे घातले, आणि नातीसाठी स्वतः विणलेला घोडा काखेत मारून गाडीत बसलो. घोडा भाताच्या पेंढ्याचा.

आता हस. आपला नात्तोचा जंतू राहतो कुठे? पेंढ्यात. आजोबा उकडलेलं सोयाबीन पेंढ्यात बांधून ठेवायचे, त्याचाच नात्तो व्हायचा. मी स्वतःला आठ दिवस धुतलं आणि त्याचं घर उचलून साकेवाल्यांच्या दारात आणलं.

हासुमी व्याही सभ्य माणूस. ओरडले नाहीत. त्यांनी घोड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग मागच्या कोठाराकडे. तिथे त्याच दिवशी तांदळावर बुरशी चढत होती. (साकेचं सगळं त्या बुरशीवर. आपला जंतू शिरला की तांदूळ चिकट होतो आणि वर्षाची मेहनत गटारात.) मग त्यांनी शांतपणे विचारलं, "इसाकुसान, हा तुमचा धंदा आहे. खरं सांगा. घोडा वाफेत धरला तर जंतू मरतो का?"

"मरतो" म्हटलं असतं तर त्याच क्षणी मी आत होतो. पण तपासणीला आलेल्या बाईंनी एकदा तो मला सूक्ष्मदर्शकात दाखवला होता. जांभळा रंग घातला, वरून मद्यार्क ओतला. शेजारच्या काही जंतूंचा रंग धुऊन गेला, आपल्याचा नाही. जाड भिंतीचा आहे, बाई म्हणाल्या. (त्याच जाड भिंतीवाल्यांत गळवं आणणारे आहेत, घसा धरणारे आहेत, दही लावणारेही आहेत. सगळी घराणी अशीच असतात.) उपाशी ठेवला तर बी होऊन पडून राहतो आणि उकळत्या पाण्यातूनही जिवंत निघतो. तीन पिढ्या आपण त्याच्या न मरण्यावर जेवलो. त्याच्याबद्दल खोटं बोलायला जीभ वळेना.

"मरत नाही," मी म्हणालो. वर "मुळीच नाही" असंही म्हणालो. बहुधा अभिमानानं.

घोडा अंगणात जाळला. (व्याह्यांनी आधी त्याला वाकून नमस्कार केला.) मला या गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात आणलं. आणि इतकं घासूनही निकाल असा, की नात काचेआडून दाखवू, जवळ नाही.

ब्रश आला. पुढचं कोरड्या हातानं लिहितो आहे.

दोन नखं झाली तेवढ्यात भिंतीपलीकडून, बायकांच्या बाजूनं, विहीणबाईंचा आवाज आला.

"अहो, पुरे ते घासणं. व्याही घरात झोपतील. तुम्ही हंगाम संपेपर्यंत कोठारात झोपा."

व्याह्यांनी जेवणाचं विचारलं.

"डबा दारात ठेवीन. मी लांब गेले की मगच उचला."

पलीकडे आणखी तीन-चार बायका हसल्या. व्याह्यांनी ब्रश माझ्या हातात दिला आणि ते गेले.

तुझा धाकटा,
इसाकु

ता. क. मिझुहोनं मला बघताच माझा हात नाकाशी धरला. ऑक्टोबरपासून तिनं नात्तो खाल्लेला नाही. "बाबा, थोडा तरी वास ठेवायचात," म्हणाली.

ता. क. २. हे खरं तर पहिल्या ओळीतच लिहायचं होतं. विहीणबाई म्हणतात, आत आलेल्या माणसानं मितोला जाऊन परत यायचं नाही. एक तर कायमचं जा, नाही तर एप्रिलपर्यंत राहा. मी वाद घातला नाही. नियम अतिशय शास्त्रीय आहे. तेव्हा कारखाना एप्रिलपर्यंत तू बघ. गुडघ्यासाठी उंच स्टूल घे.

ता. क. ३. पत्र टाकायचं राहिलं होतं. आज सकाळी नात माझ्या मांडीवर तासभर झोपली. कोठारातून निरोप आला, बुरशी पांढरी आणि कोरडी चढली आहे. व्याह्यांनी दारातला डबा नेला.